घरी धडा, वर्गात अभ्यास

"पोरगी कॉलेजातून आली की मोबाइल घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, सरांनी व्हिडिओ बघायला सांगितलाय." ही तक्रार गटाच्या बैठकीत आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येते. कधी ती थापही असेल. पण कॉलेजात शिकवण्याची एक रीत आता अशीच आहे, आणि ती आपल्याला ठाऊक असायला हवी. तिला 'फ्लिप्ड क्लासरूम', म्हणजे उलटा वर्ग म्हणतात.

पूर्वी सर फळ्यावर शिकवायचे आणि गणितं घरी सोडवायला द्यायचे. आता धडा आधी घरी येतो, दहा-पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत नाहीतर दोन-चार पानांच्या टिपणात. मुलीनं तो बघायचा, अडलेलं वहीत लिहायचं. गणितं सोडवायची ती वर्गात, सरांसमोर.

समजा, कॉमर्सच्या मुलीला 'घसारा' शिकायचा आहे. वस्तू वापरून तिची किंमत दरवर्षी उतरते, तो घसारा. एवढं तिनं घरी ऐकलं. वर्गात हिशेब आला: शिलाई मशीन १२,००० रुपयांचं, पाच वर्षांनी मोडीत २,००० येतील, तर वर्षाचा घसारा किती? १२,००० मधून २,००० वजा, उरलेल्याला पाचानं भागायचं, म्हणजे २,००० रुपये. ऐकताना सोपं वाटतं, पण मुलगी अडते ती हिशेब मांडताना. जुन्या रीतीत ती अडायची घरी, जिथे सांगणारं कोणी नाही. आपल्यातल्या कितीजणींच्या घरात कॉलेजात जाणारी ती पहिलीच आहे! नव्या रीतीत ती अडते तेव्हा सर शेजारी असतात. आम्हाला ही रीत पटते ती याच कारणासाठी.

हे नाव जगभर पोहोचवण्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या दोन शिक्षकांचा मोठा वाटा आहे, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स. डोंगरातल्या लहान गावची त्यांची शाळा. मुलं खेळाच्या सामन्यांना लांब जायची आणि त्यांचे तास बुडायचे. म्हणून २००७ मध्ये त्यांनी धडे रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे गैरहजर मुलांसाठी निघालेली ही युक्ती. भातलावणीत आपल्या मुलींचे किती तास बुडतात, ते वेगळं सांगायला नको. पुढे कॉलेजांनीही ही रीत उचलली. पवईच्या आयआयटीनं देशभरातल्या कॉलेज शिक्षकांना ती शिकवली.

पण या रीतीनं एक गोष्ट गृहीत धरली आहे: मुलीला घरी मोकळा वेळ आहे. आपला शहापूर तालुका मुंबईला पाणी पुरवतो आणि उन्हाळ्यात आपल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हंडे भरून, भाकऱ्या थापून होईतो रात्रीचे नऊ वाजतात. घरात मोबाइल एकच, तोही भावाच्या खिशात. धडा न बघता वर्गात गेलेली मुलगी गप्प बसते, आणि लोक म्हणतात, हिला येत नाही.

म्हणून गटातल्या आयांना आमचं सांगणं आहे. संध्याकाळचा अर्धा तास आणि तेवढ्या वेळापुरता घरातला मोबाइल तिच्या नावावर करा. भावाचा अभ्यास असेल तर वेळ वाटून द्या. खरंच अभ्यास चाललाय का, ही शंका असेल तर रागावू नका, शेजारी बसा आणि "आज काय शिकलीस, मला सांग" म्हणा. सांगता आलं तर बघितलंय. आपल्यालाही घसारा कळेल, गिरणीच्या हिशेबाला लागतोच.

कॉलेजातल्या पालकसभेलाही जा. तिथे विचारा: रेंज नसलेल्या पाड्यावरच्या मुलीला व्हिडिओ कॉलेजातच मोबाइलवर उतरवून मिळेल का? जिच्याकडे मोबाइलच नाही तिला छापील टिपण मिळेल का, वाचनालयात बसून बघता येईल का? आणि हेही विचारा की व्हिडिओ पाठवल्यावर वर्गात नक्की काय करून घेतात. व्हिडिओ पाठवून तास सोडून दिला, तर त्याला उलटा वर्ग म्हणत नाहीत. विचारताना एकटीला संकोच वाटतो, चौघी मिळून गेलात तर वाटणार नाही.