वेचणाऱ्या हातांची सहकारी संस्था

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या मागच्या बाजूला सकाळी दहा-अकराच्या सुमारास डोकावलं, तर दोघी-तिघी बायका पोती पसरून बसलेल्या दिसतात. घरोघर फिरून, जिने चढून-उतरून कचरा गोळा करणं हे त्यांच्या कामाचं अर्धं. उरलेलं अर्धं इथं चालतं. पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्रं दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि तिच्या टोपणाचं वेगळं, म्हणून टोपण काढून निराळ्या पोत्यात. एखादी पिशवी हातात घेऊन जराशी चुरगाळली, की तिच्या आवाजावरून ती कुठल्या जातीची आणि तिला भाव येईल की नाही, हे त्यांना कळतं. हे कौशल्य कुठल्या संस्थेत शिकवलं जात नाही. आपण घरातून टाकलेली वस्तू पुन्हा वापरात येते ती या हातांमुळे, हे आपल्याला माहीत असायला हवं आणि बहुतेकांना ते नसतं.

या बायका ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. संस्थेची मालकी कचरावेचकांचीच. २००८ साली पुणे महापालिकेशी तिचा करार झाला आणि घरोघरचा कचरा उचलण्याचं काम रीतसर त्यांच्याकडे आलं. आज साडेतीन हजारांहून अधिक सभासद शहरभर हे काम करतात.

त्याची मुळं मात्र आधीची आहेत. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने वस्त्यांमध्ये कचरावेचक बायका-मुलांबरोबर काम करू लागल्या. मुलांना शाळेत घालायचं, तर आईच्या कमाईचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. बाबा आढावांनी बांधलेल्या हमालांच्या संघटनेचा, हमाल पंचायतीचा, अनुभव शहरात होताच. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची युनियन उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित बायका; अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. कचऱ्याच्या कुंडीत हात घालणारी बाई म्हणजे संशयित चोर, अशी पोलिसांची आणि सोसायट्यांच्या रखवालदारांची नजर. म्हणून युनियनने पहिल्यांदा मिळवलं ते ओळखपत्र, महापालिकेचा शिक्का असलेलं. फोटो आणि शिक्क्याच्या त्या कार्डाने एका श्रमाला शहराने नाव दिलं, आणि माझ्या लेखी पुढच्या सगळ्या वाटचालीचा पाया तोच आहे.

२००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि कचरा दारातूनच, वर्गीकरण करून उचलायचा असं ठरलं. कागदावर उत्तम, पण कुंड्या गेल्या की कुंडीवर जगणाऱ्यांचं काय? ठेकेदाराची गाडी दारातून सगळा माल घेऊन गेली असती. पंचायतीने उलटा विचार केला: दारात जायचंच आहे, तर वेचकांनीच जावं. २००५ मध्ये प्रायोगिक काम सुरू झालं, त्यातूनच ‘स्वच्छ’ घडली. घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे, दोन्ही वेचक बाईचे.

या मांडणीतला बारकावा महत्त्वाचा आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळत असतील, तर ठेकेदाराला जितकं वजन तितका फायदा. ओलं-सुकं एकत्र दाबून नेणं त्याच्या सोयीचं. वेचक बाईला मात्र गाडीत जाणारा प्रत्येक किलो तोट्याचा, कारण विकता आला असता असा माल त्यात गेलेला असतो. शहराच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याचा वास आणि बिघडलेलं पाणी वर्षानुवर्षं सोसलं, पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. तिथल्या कचऱ्याच्या डोंगरात जाणारा माल ज्यांच्या पोटाच्या गरजेमुळे कमी होतो, त्यांच्याकडेच शहराने काम द्यायला हवं, हे मला अगदी सरळ दिसतं. तरीही कराराची मुदत संपत आली की अनिश्चिततेचं सावट येतंच. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरात बसलेले असताना याच बायका दारोदार येत होत्या, हेही तेव्हा विसरलं जातं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली की तिला भाव येतो, आंबट वासाची आणि चिकट असली की कमी. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवं बनवण्याच्या मानाने वीस भागांपैकी एक भागच ऊर्जा लागते. म्हणून भंगारात त्याला मान. काच कितीही वेळा वितळवता येते. कागदाचं तसं नाही, त्याचे तंतू दर खेपेला आखूड होत जातात. आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट? प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले, की ते सोडवणं कुणाला परवडत नाही. त्यावर एकच उपाय, कमी विकत घेणं.

फुटलेला पेला, ब्लेड, सुई जाड कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळं द्यावं. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नयेत. बॅटऱ्या, जुने मोबाइल, चार्जर साठवून ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावेत.

सगळ्यात अवघड विषय सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेलं पॅड उघड्या कचऱ्यातून हाताने बाजूला काढायचं, तेही रोज, शेकडो घरांचं. पंचायतीच्या बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली, म्हणजे निदान प्रश्न दिसावा. २०१६ च्या नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी, असं कलम आलं. आपल्याकडून मागणं एवढंच: पॅड वर्तमानपत्रात नीट गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा, वेगळं द्या. ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही. रद्दीच्या कागदाचा तुकडा आणि एक लाल पेन, एवढंच लागतं. पण घरात ते बोलायची लाज वाटते म्हणून अनेक ठिकाणी होत नाही. मुलग्यांनाही ते शिकवायला हवं.

आणि शहराकडूनही काही येणं आहे. माल निवडायला हक्काची जागा बहुतेकींना नाही. जिन्याखाली, कंपाउंडच्या भिंतीशी, फुटपाथवर त्या बसतात. सोसायटीने हरकत घेतली की तिथूनही उठावं लागतं. पावसात पुठ्ठा भिजला की भंगारवाला वजन कापून घेतो आणि दिवसाची कमाई जाते. प्रत्येक प्रभागात छप्पर, नळ, दिवा आणि संडास असलेली एक शेड हवी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही तरतूद नव्या कचरागाड्यांच्या खरेदीच्या आधी यायला हवी.