पंप गेला, हे कशावरून?

सेल्फ मारला, इंजिन नीट फिरतंय, पण गाडी सुरू होत नाही. अशा वेळी भोवती जमलेल्यांपैकी एकाचं निदान तयारच असतं: "पंप गेला." पेट्रोलच्या टाकीत बुडालेली ही छोटी विजेची मोटर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर आळ घेणं सोपं जातं. पण बहुतेक गाड्यांत ती सुटी मिळत नाही, आख्खी असेंब्लीच घ्यावी लागते आणि खर्च हजारांत जातो. तेवढे पैसे मोजण्याआधी पुरावा मागायला हवा. घरी पंप दुरुस्त करणं शहाणपणाचं नाही. पण दोष पंपाचा नाही, हे मात्र बऱ्याचदा घरच्या अंगणातच कळू शकतं.

पहिला साक्षीदार म्हणजे आवाज. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी 'ऑन'वर आणली की संगणक सेल्फ लागण्याआधीच पंपाला दोन-तीन सेकंद वीज देतो, नळीत दाब तयार व्हावा म्हणून. काही गाड्यांत तर दार उघडताच हे होतं. खिडक्या बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने मागच्या सीटपाशी कान द्यायचा. बारीक 'झूंऽऽ' ऐकू आली तर मोटर फिरते आहे. मात्र ती पुरेसा दाब देते, असा त्याचा अर्थ नाही. उलट, शांतता असली तरी पंप मेला असं ठरत नाही. त्याच्यापर्यंत वीजच पोहोचत नसेल. मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये फ्यूज आहे, रिले आहे, कनेक्टर आहे, अर्थची वायर आहे. शिवाय चावी न ओळखल्यामुळे इमोबिलायझर अडून बसला असेल, तरी काही गाड्या पंप चालू देत नाहीत. म्हणून शांतता ऐकली की आधी डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा पाहावा, मग फ्यूज, मग रिले. त्याच नंबरचा रिले बऱ्याचदा हॉर्नला असतो; त्या दोघांची अदलाबदल हा फुकटातला प्रयोग आहे.

रिले ठीक निघाला, की मल्टीमीटर हाती येतो आणि इथेच हौशी माणूस फसतो. पंपाच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वीज पोहोचते, म्हणजे पंप गेला, असा हिशेब तो मांडतो. पण मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या पिनेतूनही तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. पंप मात्र काही अँपिअर मागतो आणि तिथे तीच पिन हात वर करते. त्यामुळे साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प इथे मीटरपेक्षा प्रामाणिक ठरतो: मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये शोधायचा. लॅम्प लख्ख पेटतो आणि मोटर तरी गप्प, तेव्हा कुठे पंपावरचा आरोप टिकतो.

फिरणारा पण अशक्त पंप ओळखणं याहून अवघड. जागेवर इंजिनाला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं थकलेला पंपही पुरवतो. कसारा किंवा आंबेनळीचा घाट भरल्या गाडीने चढताना मागणी वाढते आणि गाडी झटके देऊ लागते. पण हेच लक्षण चोंदलेल्या फिल्टरचं असतं, तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही असतं. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, ही खोड पंपाइतकीच क्रँक सेन्सरची; सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, तर संशय आधी सेन्सरकडे वळवावा. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सुरू करून पाहावं. लगेच सुरू झाली, तर रात्रीतून दाब उतरतोय. पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा गळका इंजेक्टर त्याला कारण असू शकतो.

पेट्रोल-सीएनजी गाडीच्या मालकाकडे तर आयती प्रयोगशाळा आहे. गॅसवर गाडी सुरळीत आणि पेट्रोलवर मिसिंग, म्हणजे कॉम्प्रेशन आणि क्रँक सेन्सर सुटले, प्लगही बहुतांशी सुटले. दोष पेट्रोलच्या वाटेवर. हा पंप बिघडतोही याच गाड्यांत सहज, कारण पेट्रोल कायम तळाला ठेवलं जातं. पंप थंड राहतो तो त्याच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळे. टाकीचा तळ गाठून त्याने हवा ओढली की तो कोरडा तापतो.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, स्कॅनर लावला की कोड सांगेलच. कोड सर्किटविषयी बोलतो, सुट्या भागाविषयी नाही. पी0230 म्हणजे पंपाच्या विजेच्या वाटेत गडबड. त्यात रिलेही आला, वायरही आली. अनेक साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. संगणकाला फक्त मिश्रण पातळ झाल्याचं कळतं, आणि पातळ मिश्रण हवेच्या फाटक्या नळीमुळेही होतं.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो पूर्ण मान्य करायला हवा. पेट्रोलचा वास येत असेल तर चाचणी तिथेच थांबवायची. बऱ्याच गाड्यांत इंधनाच्या नळीत 3 ते 4 बार दाब असतो, टायरच्या हवेपेक्षा जास्त; कॉमन रेल डिझेलमध्ये तो हजार बारच्या पुढे जातो, तिथे सैल केलेला नट माणसाचा हात निकामी करू शकतो. म्हणून नळी उघडायची वेळ आली की घरचं काम संपलं. पुढचं गॅरेजचं, पण नवा पंप मागवण्याआधी प्रेशर गेज लावायला सांगावं आणि काटा स्वतः पाहावा. जुना पंप बाहेर आला की त्याच्या तळाची जाळीही बघावी. ती गाळाने काळी असेल तर आधी टाकी धुवून घ्यायची, मग नवा पंप बसवायचा.