शेवट ठाऊक असूनही चुकणारा काळजाचा ठोका

मराठी वाचकाला इतिहासाची गोडी बहुतेक वेळा कादंबरीनं लावली. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ यांनी कितीतरी घरांत रात्री जागवल्या. पुढे अस्सल इतिहासग्रंथ हाती घ्यावा, तर सनावळ्या आणि तहांची कलमं पाहून अनेकांचा उत्साह मावळतो. या दोहोंच्या मधे कथनात्मक इतिहासाचा समृद्ध प्रांत आहे. इथल्या लेखकाला संवाद रचायची मुभा नसते. माणसाच्या तोंडचं वाक्य एखाद्या पत्रात, रोजनिशीत किंवा जबानीत सापडलेलं असावं लागतं. तरीही ही पुस्तकं खाली ठेववत नाहीत, कारण शेवट आपल्याला ठाऊक असला तरी त्यातल्या माणसांना तो ठाऊक नसतो. चांगला लेखक उद्याची बातमी आज फोडत नाही.

बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ (१९६२) याचा उत्तम नमुना आहे. १ ऑगस्ट १९१४, बर्लिन. फ्रान्स युद्धाबाहेर राहील, अशी आशा दाखवणारी तार लंडनहून येते. जर्मनीचा कैसर विल्हेल्म सेनापती मोल्टकेला सांगतो, सगळी फौज पूर्वेला रशियाकडे वळवा. मोल्टके ठाम नकार देतो. ११ हजार रेल्वेगाड्यांचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आयत्या वेळी बदलता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. महायुद्ध झालं हे माहीत असूनही वाचताना क्षणभर वाटतं, टळेल कदाचित. पुस्तक आलं त्याच वर्षी, १९६२च्या ऑक्टोबरमध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर आलं, तेव्हा अध्यक्ष केनेडींनी सहकाऱ्यांना याच पुस्तकाचा दाखला दिला होता.

साहस आवडत असेल, तर आल्फ्रेड लॅन्सिंग यांचं ‘एन्ड्युरन्स’ (१९५९) वाचावं. १९१५च्या जानेवारीत ध्रुवप्रदेशाचा शोधक शॅकल्टन याचं ‘एन्ड्युरन्स’ हेच जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं आणि नोव्हेंबरात बुडालं. २८ माणसं तरंगत्या बर्फावर राहिली, मग होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोचली. तिथून सहा जण लहानशा होडीतून खवळलेल्या समुद्रात सुमारे १३०० किलोमीटर गेले, ते मदत आणायला. ३० ऑगस्ट १९१६ रोजी बेटावर उरलेल्यांची सुटका झाली आणि २८ पैकी एकही दगावला नाही. लॅन्सिंग यांनी हयात खलाशांना गाठून आणि रोजनिशा वाचून हे लिहिलं. म्हणून त्यातली थंडी आणि भूक खरी वाटते.

आपल्याकडच्या १८५७च्या बंडासाठी विल्यम डॅलरिंपल यांचं ‘द लास्ट मुघल’ (२००६) घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या हजारो फारसी-उर्दू कागदांवर ते उभं आहे. त्यात शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर आहेच, पण आधीच्या मालाचे पैसे मिळेपर्यंत मोर्चावर मिठाई न्यायला नकार देणारे हलवाईही आहेत. वेढ्यातलं शहर अशा तपशिलांनी जिवंत होतं.

त्याच वर्षाचा अस्सल मराठी साक्षीदार म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी, म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा, तोफांचा मारा, शहरातली कत्तल आणि लूट त्यांनी आतून पाहिली. १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ म्हणजे आठवणी, रीतसर इतिहास नव्हे. पण पुढच्या वळणावर काय आहे हे न कळणाऱ्या माणसाची धडधड त्यात पानोपानी आहे.

या वाटेवर मराठीतूनच पाऊल टाकायचं असेल, तर वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ घ्यावं. हिटलरची चढण आणि पडझड त्यांनी ओघवत्या मराठीत उभी केली आहे.

ही पुस्तकं वाचताना एक सवय लावून घ्यावी. एखाद्या प्रसंगानं अंगावर काटा आला, की मागची टिपणं किंवा संदर्भसूची उघडून तो कुठून आला ते पाहावं. आज कादंबरीतले आणि चित्रपटातले संवाद पुरावा म्हणून फेकले जातात आणि त्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. अशा वेळी ‘हे कशावरून?’ असं विचारणारा वाचक फार मोलाचा आहे. कथनात्मक इतिहास आपल्याला खिळवून ठेवतो आणि हा प्रश्न विचारायलाही शिकवतो. मुलांच्या हाती कादंबरी द्याच, पण तिच्या जोडीला यातलं एखादं पुस्तक आवर्जून द्या.