बघ्याची भूमिका

(एस. वाय. बी. ए.)

गोष्ट गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली आहे. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर संध्याकाळची मुक्कामाची एस.टी. लागली. मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे गावाकडच्या मित्रांना सांगायला नको. ती चुकली की रात्र स्टँडवरच काढायची. त्यामुळे गाडी फलाटाला लागण्याआधीच माणसे तिच्यामागे धावली आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागल्या. एका म्हातारीने एका पोराला सांगून आपली कापडी पिशवी खिडकीतून बाकावर टाकून घेतली. दारातल्या रेटारेटीत ती स्वतः मात्र मागे राहिली. ती आत पोचली तेव्हा पिशवी खाली पायाशी पडली होती आणि तिच्या जागेवर इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ बसले होते.

"बाबा, माझी पिशवी हुती तिथं," म्हातारी म्हणाली. गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले.

पिशवी पडताना आणि उचलली जाताना दहा-बारा जणांनी तरी पाहिली होती. कुणी सुटे पैसे मोजू लागले, कुणी पोराला मांडीवर सारखे करू लागले. मी दोन बाकांवर आईबरोबर उभा होतो. माझ्या मनात चांगली चार वाक्ये तयार झाली होती, तीही शुद्ध मराठीत. पण बाकीचे काय करतात हे मी पाहत राहिलो. कुणीच काही करत नव्हते, म्हणून मीही केले नाही.

तेवढ्यात माझी आई बोलली, "अवं दादा, पिशवी आजीची हाय. आमी बगितली टाकताना." तिने आवाजही चढवला नव्हता. पण लगेच मागून कुणी म्हणाले, "उठा हो, म्हातारं माणूस आहे." तिसरा बोलला, चौथा बोलला. गृहस्थ पुटपुटत उठले. सारा प्रकार दोन मिनिटांत संपला.

रात्री वस्तीकडे चालताना मी आईला विचारले, "तू कशी काय बोललीस?" ती म्हणाली, "मला वाटलं तू बोलशील. शिकलेला हायस. तू काय बोलंनास, मग म्या बोलले."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई शाळेत गेलेली नाही. तिचे ते वाक्य सुट्टीभर माझ्या डोक्यातून गेले नाही. या वर्षी आम्हांला सामाजिक मानसशास्त्र आहे. सरांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या एस.टी.वर बरेच संशोधन झालेले आहे." त्यांनी सुचवलेल्या वाचनातून मला जे कळले, ते या लेखात सांगतो.

पहिला प्रश्न असा की, त्या गृहस्थांनी मोडले तरी काय? बाकावर टाकलेला रुमाल म्हणजे धरलेली जागा, असे तिकिटावर कुठे छापलेले नाही. तरीही तो नियम साऱ्या गाडीला ठाऊक असतो. अशा न लिहिलेल्या नियमांना सामाजिक संकेत म्हणतात. संकेत पाळला जातो तोवर तो दिसत नाही. तो मोडला की दिसतो. हॅरोल्ड गार्फिंकेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हीच युक्ती वापरली. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना घरी जाऊन थोडा वेळ पाहुण्या भाडेकरूसारखे वागायला सांगितले: परवानगी घेऊन बोलायचे, अदबीने मागून घ्यायचे. कुणाचेही नुकसान नव्हते. तरी घरचे गोंधळले, रागावले, बरे नाही का म्हणून विचारू लागले. म्हणजे संकेत मोडणारा दिसला की पाहणारा आधी त्याचे कारण शोधतो. आमच्या गाडीतही काहींना वाटले असेल की हे गृहस्थ आजारी असतील किंवा पिशवी त्यांना दिसली नसेल.

दुसरे उदाहरण तर थेट प्रवासातलेच आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवले. कसलेही कारण न सांगता बसलेल्या प्रवाशाला एवढेच विचारायचे, "मला तुमची जागा द्याल का?" हा प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. ६८ टक्के प्रवाशांनी जागा दिली किंवा सरकून जागा केली. पण मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. विचारणाऱ्यांनाच घाम फुटत होता. खुद्द मिलग्रॅम विचारायला गेले तर शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण आजारी आहोत असे भासवावे असे त्यांना वाटू लागले. संकेत मोडणे एवढे जड जाते. आणि चारचौघांत अनोळखी माणसाला हटकणे हेसुद्धा संकेताविरुद्धच असते, हे आपण विसरतो. एक संकेत वाचवायचा तर दुसरा मोडावा लागतो. मी या कात्रीत सापडलो होतो.

मग हटकते कोण? याचे उत्तर मिलग्रॅम यांच्याच १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत त्यांचे सहकारी तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये घुसले. एकच जण घुसला तेव्हा साधारण ५४ टक्के रांगांत कुणीतरी हरकत घेतली. दोघे घुसले तेव्हा ९१ टक्के रांगांत. प्रत्यक्ष हात लावून बाहेर काढण्याचा प्रकार सुमारे १० टक्के रांगांतच घडला. हरकत बहुतेक वेळा मागच्यांकडून आली, कारण वेळ त्यांचा जात होता. पुढच्यांचे काहीच बिघडत नव्हते. यात आणखी एक गंमत केली होती. काही रांगांत घुसणाऱ्याच्या लगेच मागे प्रयोगकर्त्यांचेच दोन साथीदार आधीपासून उभे केले होते. ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा एकजण घुसला तरी हरकत फक्त ५ टक्के रांगांत आली. ज्यांनी बोलायला हवे ते बोलत नाहीत असे दिसले की मागचे सगळे गप्प बसतात. रांग एवढी नाजूक असते.

याच गप्प बसण्याचा उलगडा बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये केला होता. विद्यार्थी खोलीत बसून एक फॉर्म भरत असताना भिंतीतल्या फटीतून धूर सोडण्यात आला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितले. तीन अनोळखी जण एकत्र असलेल्या गटांपैकी ३८ टक्के गटांतून कुणीतरी उठले. आणि शेजारी मुद्दाम थंड बसवलेले दोघे असले तर १० टक्केच उठले. बाकीचे धुरात डोळे चोळत फॉर्म भरत राहिले! प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. दुसऱ्याचा चेहरा शांत दिसतो, कारण तोही आपली धास्ती लपवून तिसऱ्याकडे पाहत असतो. त्यातून सगळ्यांचा समज होतो की काही झालेलेच नाही. शिवाय माणसे जितकी जास्त, तितकी जबाबदारी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला पुरती येत नाही.

म्हणून काय माणूस जात्याच निगरगट्ट आहे? असे म्हणायची घाई करू नये. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी पाहत राहिले आणि कुणी हलले नाही, अशी बातमी छापून आली. या विषयावरचे संशोधन त्या बातमीनंतरच जोरात सुरू झाले. पण पुढे अभ्यासकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा ती बातमी फुगवलेली निघाली. एवढ्या जणांनी तो हल्ला पाहिलेलाच नव्हता, आणि एक शेजारीण तर धावत जाऊन तिला मांडीवर घेऊन बसली होती. ज्या वृत्तपत्राने ती बातमी छापली, त्यानेही २०१६ मध्ये ही चूक मान्य केली. अलीकडे, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली २१९ भांडणे पाहिली गेली. दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एकजण तरी मध्ये पडलेला दिसला. भांडण उघड असते, तिथे शंकेला जागा नसते. पिशवीच्या किंवा रांगेच्या प्रकरणात मात्र 'खरेच चुकले का?' या शंकेआड लपता येते. आणि आजकाल हातात मोबाईल असतो. चित्रण केले की काहीतरी केल्याचे समाधान बघ्याला फुकट मिळते.

इथपर्यंत आल्यावर 'संकेत मोडणाऱ्याला हटका' असा उपदेश करून लेख संपवता आला असता. पण आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास तसे करू देत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिले. तळ्यावर पहारेकरी नव्हता, पण गावाची नजर होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ते देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमावाने परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला. संकेत तिथेही मोडला होता आणि बघे तिथेही होते. पुण्यात १८४८ नंतर शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणाऱ्यांनाही आपण समाजाचा नियमच राखतो आहोत असे वाटत असणार. अशा वेळी बघा गप्प नसतो, उलट फार बोलका असतो. त्या नजरांना बाई जुमानल्या असत्या, तर आज या वार्षिकात लिहिणाऱ्या किती मैत्रिणी आणि माझ्यासारखे किती मित्र इथे असते?

तेव्हा हटकण्याआधी एकच गोष्ट पाहावी असे मला वाटते. या वागण्याने कुणाचा वाटा हिरावला जातो, की नुसता कुणाचा मान दुखावतो? म्हातारीची जागा गेली, रांगेतल्या माणसाचा वेळ गेला, तर तो वाटा आहे. तिथे बोलले पाहिजे. तळ्याचे पाणी कुणी प्याले म्हणून कुणाचे पाणी कमी झाले नाही. तिथे दुखावला तो मान. असल्या संकेताची राखण करणाऱ्या गर्दीत आपण असू, तर बाजूला होण्याचे धैर्य हवे.

आणि बोलायचे कसे, तेही आईकडून शिकण्यासारखे आहे. तिने शिवी दिली नाही की भाषण केले नाही. जे पाहिले तेवढेच सांगितले: पिशवी आजीची आहे. तेवढ्याने 'खरेच चुकले का?' ही बाकीच्यांची शंका फिटली. पहिला आवाज उठायला जड असतो. दुसरा त्याच्या आधाराने उठतो.

पुढे डिसेंबरात आमच्या गावाच्या गाडीतच पुन्हा असाच प्रसंग आला. या वेळी एका लहान मुलीने धरलेली जागा होती. माझा घसा नेहमीप्रमाणे कोरडा पडला. मिलग्रॅमसाहेबांचीही हीच गत झाली होती हे आठवून थोडे बरे वाटले, आणि मी बोललो. वाक्य शुद्ध आले नाही, मध्येच अडखळले. शेजारचा एक माणूस मात्र लगेच म्हणाला, "बरोबर आहे, मीबी बघितलंय."

तो इतका वेळ कुणीतरी बोलण्याचीच वाट पाहत होता.