पहाटेची स्वप्नं आणि त्यांचं भय

दसरा उलटला की पाथर्डी तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मोहटादेवीच्या गडावरची नवरात्रातली गर्दी ओसरते, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या संसार भरून कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे चार-पाच महिने त्यांचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कमानीवर चटई किंवा ताडपत्री टाकलेला, वाकूनच आत शिरता येईल असा आडोसा. खाली पाचट, पाचटावर गोधडी, कडेला पोरं, बाहेर बैल. गाडी भरायला रात्री कधी बोलावणं येईल याचा नेम नाही, आणि पहाटे फड तर गाठायचाच असतो. माणसाच्या झोपेचे असे तुकडे पडले की स्वप्नं बिघडतात, ही गोष्ट झोपेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मग कुणाला छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, कुणी ओरडत उठतं, कुणाला तेच ते स्वप्न आठवड्यात तीनदा पडतं. आपल्याकडे त्याला लगेच नाव मिळतं: बाहेरचं लागलं, मुंजा बसला, हडळ मागे लागली. मला इथे एवढंच मांडायचं आहे की वाईट स्वप्नाचं बळ बरंचसं आपल्या भीतीतून येतं, त्या भीतीला दिवसाउजेडी हात घालता येतो, आणि तसा हात घातला की रात्र बदलते. याला पुरावा आहे, आणि तो साधासुधा नाही.

आधी झोपेची रचना पाहू, कारण निम्मी भीती तिच्या अज्ञानातून येते. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक अंतराने असा टप्पा येतो, ज्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः या टप्प्यात पडतात. साधारण दीड तासाने तो परत येतो आणि रात्र सरत जाईल तसा लांबत जातो. म्हणजे सर्वांत लांब आणि रंगलेली स्वप्नं पहाटेची असतात, आणि पहाटे जाग येत असल्यामुळे तीच ध्यानात राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं, या आपल्याकडच्या समजुतीमागे हे एक निरीक्षण नक्की आहे. आपल्या पूर्वजांनी बरोबर वेळ हेरली होती, फक्त तिचा अर्थ भविष्याकडे लावला. याच टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात धावत नाही. कधीकधी मन जागं होतं आणि शरीराचा हा कुलूपबंदपणा काही क्षण मागे रेंगाळतो. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोट हलत नाही, हाक फुटत नाही, छातीवर दाब आल्यासारखा वाटतो, आणि अर्धवट राहिलेलं स्वप्न त्या खोलीत एखादी आकृती उभी करतं. मुंजा म्हणतात तो हाच. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत हे आपोआप सुटतं. अपुरी झोप, झोपेच्या मोडलेल्या वेळा आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. अशा वेळी सगळं अंग हलवायची धडपड करण्यापेक्षा शांत श्वास घेत पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करावा.

झोप तोडली तर स्वप्न टळतं, असं वाटणं साहजिक आहे. घडतं मात्र उलट. वाईट स्वप्नाच्या धास्तीने माणूस उशिरापर्यंत जागतो, दिवा लावून बसतो, कुणी झोप यावी म्हणून दारू घेतो. दारूने रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांचा टप्पा दबतो आणि तिचा अंमल उतरला की उत्तररात्री तो दुप्पट जोराने उसळतो. नुसत्या जागरणाचंही तसंच: साठलेली भरपाई पुढच्या रात्री घनदाट स्वप्नांनी होते. भीतीमुळे जागरण, जागरणामुळे आणखी भयंकर स्वप्न, त्यामुळे आणखी भीती, असा हा घाण्याचा फेरा. त्यात दुसराही एक दोष आहे. माणूस ऐन कठीण प्रसंगी दचकून जागा होतो, त्यामुळे ती गोष्ट नेहमी त्याच जागी तुटते. विहिरीच्या काठावरून पाय घसरला, जाग आली. पुढच्या वेळी पुन्हा काठ, पुन्हा घसरणं. शेवट कधी पाहिलेलाच नसल्यामुळे मन त्या जागी कायम सर्वांत वाईट शेवट धरून बसतं.

दुःस्वप्नाला खरं कारण असतं तेव्हाही हा फेरा तसाच फिरतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादची ती गावं गणेशविसर्जन आटोपून झोपलेली होती. हजारो माणसं झोपेतच गेली. जे वाचले, त्यांच्यासाठी झोप हीच धोक्याची जागा झाली. घराच्या भिंतीआड पडण्याची भीती त्या भागात दीर्घकाळ टिकली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्यांची तपासणी करून 1996 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आघातानंतरचा ताण आणि नैराश्य हे ठळक आजार होते. अशा आजारात तोच प्रसंग स्वप्नात पुन्हापुन्हा येतो. ‘स्वप्नच आहे, सोडून दे’ असं या माणसांना सांगणं क्रूर आहे, कारण त्यांच्या स्वप्नातली भिंत खरोखर पडलेली होती. म्हणूनच उपायाचा कस सौम्य स्वप्नांवर लावून भागत नाही, तो अशाच माणसांवर लागायला हवा.

तो लागलेला आहे. अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या, वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्या 168 स्त्रियांवर एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2001 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही जणींना एक साधी पद्धत शिकवली, बाकीच्यांना प्रतीक्षेत ठेवलं. शिकलेल्यांची दुःस्वप्नं ठळकपणे घटली, झोप सुधारली, आघाताची इतर लक्षणंही उतरली. पद्धत अशी. दिवसा, पूर्ण जागं असताना, त्रास देणारं एक स्वप्न निवडायचं. सुरुवातीला सर्वांत भयंकर नको, मधलं एखादं घ्यावं. ते लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं. मग त्यात आपल्याला पाहिजे तो बदल करायचा. विहिरीचंच स्वप्न घ्या. काठावरून पाय घसरतो, इथपर्यंत तेच. पुढे हाताला मोटेचा नाडा लागतो, किंवा आतल्या पायऱ्या पायाला लागतात, त्यांवर शेवाळ आहे पण पाय टिकतो, वर पाहिलं तर आभाळाचा गोल दिसतो आणि कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं. किंवा विहीर कोरडीच निघते आणि तळाशी शेळी चरत असते. बदल पटणारा हवा असं मुळीच नाही, तो ज्याचा त्याने केलेला हवा. मग हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. जुनं उगाळायचं नाही. काही आठवड्यांत बहुतेकांना फरक जाणवतो. यात औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. कोपीतही करता येईल असं हे आहे, आणि म्हणूनच ते घराघरांत ठाऊक असायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वप्नातच ‘हे स्वप्न आहे’ असं भान येणं. याला सजग स्वप्न म्हणू. इंग्रजीतला ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द डच लेखक-वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांनी 1913 साली रूढ केला. असं काही असतं यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ विश्वास नव्हता. 12 एप्रिल 1975 रोजी इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी तो वाद मिटवला. झोपलेला माणूस हात हलवू शकत नाही, पण डोळे हलवू शकतो, हे त्यांनी हेरलं. अ‍ॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नात भान येताच डोळे डावी-उजवीकडे ठरावीक वेळा फिरवले, आणि गाढ झोपेतून आलेली ती खूण कागदावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं. 2021 साली चार देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वप्नात असलेल्या माणसांना साधी गणितं घातली आणि काहींनी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या खुणांनी अचूक उत्तरं दिली. आयुष्यात एकदा तरी असं भान आल्याचं निम्म्याहून जास्त लोक सांगतात. तेव्हा ही सिद्धी नव्हे आणि बाधाही नव्हे.

तरी या भानाचीच अनेकांना धास्ती वाटते. स्वप्नात अडकून पडलो तर? आत्मा बाहेर गेला आणि परतला नाही तर? अडकण्याचा प्रश्न झोपेची रचनाच सोडवते. डोळे फिरण्याचा तो टप्पा संपला की स्वप्न विरतं, माणूस जागा होतो किंवा दुसऱ्या झोपेत जातो. भान असो वा नसो, टप्पा आपल्या वेळेने संपतोच. शिवाय सजग स्वप्नं सहसा थोडक्यातच मोडतात, नवशिक्याची खरी तक्रार ते टिकत नाही हीच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. सजग स्वप्नासाठी मध्यरात्री मुद्दाम उठून पुन्हा झोपण्याचे जे प्रकार शिकवले जातात, त्यांनी झोप तुटते. ज्याची झोप आधीच अपुरी, त्याने ते करू नयेत. ज्यांना भास होतात, ज्यांचं वास्तवाचं भान आजारामुळे सुटतं, त्यांनी तर या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. पण नेदरलँड्समध्ये 2006 साली झालेल्या 23 जणांच्या एका छोट्या अभ्यासातून जे निघालं, ते या आक्षेपाला उत्तर देतं. सजग स्वप्नाचं शिक्षण घेतलेल्यांची दुःस्वप्नं कमी झाली, मात्र त्यासाठी प्रत्यक्ष स्वप्नात भान येणं गरजेचं ठरलं नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला चढवू नये. तरी तो क्रॅको यांच्या निष्कर्षांशी जुळतो: स्वप्न बदलता येतं ही जाणीव जागेपणी रुजली की बरंचसं काम होऊन जातं.

एक आक्षेप आपल्या मातीतला आहे. स्वप्न हे मेंदूचं काम म्हटलं तर संतांच्या स्वप्नांचं काय? तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून मंत्र मिळाला तो स्वप्नात. नामदेवांनी विठ्ठलासह येऊन कवित्वाची आज्ञा केली तीही स्वप्नात. शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तो असाच, आणि त्यांनी तो आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवला. या स्वप्नांचा मान कमी करायचं मला कारण दिसत नाही. पण त्या मोठेपणाचं माप कुठे आहे ते पाहावं: तुकोबांनी त्यानंतर जागेपणी जे लिहिलं आणि सोसलं, त्यात. आणि प्रत्येक स्वप्न अर्थपूर्ण मानावं असं आपली परंपराही म्हणत नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं यांतून पडणारी पहिली पाच स्वप्नं निष्फळ, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. वाईट स्वप्नानंतर पुन्हा झोप लागून सौम्य स्वप्न पडलं तर फळ शुभच धरावं, असंही तिथेच आहे. दचकून उठलेल्याने जागत न बसता पुन्हा पडावं, हा सल्ला त्यात आपसूक येतो.

राहिला देवऋषी. त्याच्याकडे जाऊन बरं वाटतं हे खोटं नाही. कुणीतरी तासभर ऐकून घेतं, त्रासाला नाव देतं, घरचे सगळे गोळा होतात. पण तो आराम ज्या समजुतीवर उभा असतो तीच भीतीला खतपाणी घालते: बाहेरून कुणी आलं होतं, म्हणजे ते पुन्हा येऊ शकतं. त्यात बहुतेकदा ‘बाहेरचं’ ठरतं ते घरातल्या सुनेच्या किंवा पोरीच्या माथी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी झगडले, तो त्यांच्या खुनानंतर आला. काही गोष्टी मात्र डॉक्टरांनाच दाखवायला हव्यात. उतारवयात झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा-बुक्क्या मारणं हे मज्जासंस्थेच्या आजाराचं आधीचं लक्षण असू शकतं. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी स्वप्नं भयंकर होतात, तेव्हा गोळी बदलून मिळते. लहान मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठलं, ओळख दाखवेना आणि सकाळी त्याला काहीच आठवेना, तर ते स्वप्न नसतंच; त्याला गदागदा हलवू नये, जपून पुन्हा निजवावं. आघाताच्या आठवणींनी झोप उडाली असेल तर 14416 या ‘टेली मानस’च्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

2022 साली जिनिव्हात 36 रुग्णांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना क्रॅको यांच्यासारखीच पद्धत शिकवली, फक्त निम्म्यांनी नवं स्वप्न घोकताना पियानोचा एक सूर ऐकला. मग रात्री त्यांच्या स्वप्नांच्या टप्प्यात तोच सूर हळूच वाजवला गेला. दोन आठवड्यांनी सूर ऐकलेल्यांची दुःस्वप्नं इतरांहून अधिक घटली आणि त्यांच्या स्वप्नांत आनंद वाढलेला आढळला. बाहेरचा ओळखीचा आवाज झोपेत शिरून माणसाला सोडवतो, ही कल्पना पाथर्डीच्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. तालुक्याच्या कडेने जाणाऱ्या गर्भगिरीच्या डोंगरात मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि पलीकडे सावरगावला मायंबाच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची. स्त्रीराज्यात स्वतःला विसरून गेलेल्या त्या गुरूला शोधत गोरक्षनाथ आले, ते मृदंग घेऊन दरबारात बसले आणि त्या मृदंगातून हाक वाजू लागली. रंगपंचमीच्या मढीच्या यात्रेला आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं, तर ही गोष्ट तो आजही थापेच्या आवाजासकट सांगेल.