टँकर पूर्ण रिकामा करू नका

सोलापूर-धुळे महामार्गावर बीड मागे टाकून शहागडला गोदावरी ओलांडली की वडीगोद्री येतं. अंबडमार्गे जालन्याला जाणारी गाडी इथेच वळते. त्या रस्त्याने लिक्विड ऑक्सिजनचा टँकर गेला, तर त्यातला माल उणे 183 अंशांवर उकळत्या अवस्थेत असतो. टाकीला दोन भिंती. मधल्या पोकळीत पर्लाइटची भुकटी भरून हवा काढून घेतलेली. तरीही थोडी उष्णता आत शिरतेच आणि थोडी वाफ होतेच. मात्र खरी घट प्रवासात नाही, भरताना होते.

गरम टाकीत पडणारा पहिला द्रव तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखा उडून जातो. ढोबळ हिशेबाने एक टन पोलाद तीस अंशांवरून या तापमानाला आणायला 200 ते 400 किलो ऑक्सिजन खर्ची पडतो. निघणाऱ्या वाफेचा गारवाही वापरून घेतला तर 200, ती तशीच सोडून दिली तर 400. यातले 200 किलो म्हणजे दीड लाख लिटर वायू. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाचे दहा दिवस.

दुसरं कारण दाबाचं. साठवण टाकीत जास्त दाबाखाली असलेला द्रव कमी दाबाच्या टँकरमध्ये उतरला की त्यातला काही भाग लगेच उकळतो. म्हणून साठवण टाकीचा दाब आधीच कमी राखतात. टँकर खालून भरला तर वरची वाफ दाबली जाते, काटा चढतो आणि व्हॉल्व्ह उघडून ती सोडावी लागते. तोच द्रव वरून फवारला तर वाफ पुन्हा द्रव होऊन खाली बसते. जाणता ऑपरेटर एका हाताने वरचा आणि दुसऱ्याने खालचा व्हॉल्व्ह सांभाळत काटा जागेवर ठेवतो. वाफ परत नेणारा दुसरा पाइप असेल तर तीही साठवण टाकीत जाते. होज जितका आखूड, तितकी घट कमी.

एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनइतकीच टंचाई टँकरचीही होती. 19 तारखेला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले. भरून आल्यावर काही नागपूरला, उरलेले नाशिकला उतरले. हवाई दलाने रिकामे टँकर विमानांतून पोहोचवले. नायट्रोजन-आर्गॉनचे टँकरही ऑक्सिजनसाठी घेतले गेले. त्यातला गरम होऊन आलेला प्रत्येक टँकर आधी स्वतःच्या गारव्यासाठी ऑक्सिजन पिणार, हे ठरलेलंच.

म्हणजे भरतानाची घट आधीच्या फेरीतच ठरते. माल उतरवताना तळाशी थोडा द्रव राखला तर टाकी थंडच परतते. पण पूर्ण टँकरचे पैसे मोजणारा ग्राहक शेवटचा थेंबही मागणारच. त्यावर उपाय वजनकाट्याचा: येतानाचं वजन, जातानाचं वजन, आणि फरकाचंच बिल. मग उरलेल्या मालाचा भुर्दंड ग्राहकावर पडत नाही आणि चालकालाही टाकी झाडून नेण्याची घाई राहत नाही.