पॉम्पेईचे रिंगण आणि त्यामागचे नगर

रोमन ॲम्फिथिएटर म्हटले की रोममधील कलोसियमच डोळ्यांपुढे येते; परंतु सम्राट टायटसने इ. स. ८० मध्ये कलोसियमचे उद्घाटन केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी दक्षिण इटलीतील पॉम्पेई या मध्यम आकाराच्या नगरात तशी वास्तू उभी राहिली होती, आणि आज टिकून असलेल्या दगडी ॲम्फिथिएटरांमध्ये तीच सर्वांत जुनी मानली जाते. ॲम्फिथिएटर म्हणजे वाळू पसरलेले लंबवर्तुळाकार रिंगण आणि त्याच्या चहूबाजूंनी चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या बैठका. नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या एकाच अंगाला, अर्धवर्तुळात बसतात. येथे मात्र ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे बहुतांशी गुलाम किंवा युद्धकैदी असलेल्या प्रशिक्षित लढवय्यांच्या झुंजी सर्व बाजूंनी पाहता येत.

ही वास्तू उभी राहिली ती जिंकलेल्या गावात. इटलीतील मित्रनगरांनी रोमविरुद्ध पुकारलेल्या युद्धात पॉम्पेई बंडखोरांच्या बाजूने होते, इ. स. पूर्व ८९ मध्ये सेनापती सुल्लाने त्याला वेढा घातला आणि इ. स. पूर्व ८० च्या सुमारास आपले निवृत्त सैनिक तेथे वसवून त्याची रोमन वसाहत केली. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी क्विंक्टियस वाल्गुस आणि मार्कुस पोर्कियुस या दोन नगराधिकाऱ्यांनी स्वखर्चाने हे प्रेक्षागार बांधले आणि ती जागा वसाहतीतील लोकांना कायमची दिल्याचे शिलालेखात नोंदवले. हे दान वरकरणी उदार असले, तरी गावाचे नवे धनी कोण, हेही त्यातून जुन्या रहिवाशांना पुरेपूर कळले असणार.

बांधणीची युक्ती साधी, पण विचारपूर्वक योजलेली होती. नगराच्या आग्नेय कोपऱ्यात रिंगणाची जागा जमिनीखाली सुमारे सहा मीटर खोदली गेली आणि निघालेली माती भोवती रचून तिच्या उतारावर बैठका बसवण्यात आल्या. पूर्व आणि दक्षिण बाजूंना हा भराव नगराच्या तटबंदीला टेकवला गेला, तर उरलेल्या बाजूंना कमानींनी बळकट केलेली आधारभिंत घालण्यात आली. कलोसियममध्ये एकावर एक चढवलेल्या कमानी आणि घुमटाकार छतांचे बोळ जो भार पेलतात, तो येथे बराचसा मातीनेच पेलला. तटबंदीचा आधार मिळाला तशी तिची अडचणही झाली: रिंगणात उतरणारा उत्तरेकडचा बोळ सरळ आहे, तर दक्षिणेकडच्या बोळाला तट आडवा आल्यामुळे काटकोनात वळावे लागले. कलोसियमप्रमाणे रिंगणाखाली पिंजरे आणि यंत्रे असलेले तळघर येथे नाही.

सुमारे १३५ मीटर लांब आणि १०४ मीटर रुंद असलेल्या या वास्तूत अंदाजे २०,००० माणसे मावत, म्हणजे खुद्द नगराच्या लोकसंख्येच्या बहुतेक अंदाजांपेक्षा जास्त. तेव्हा आसपासच्या गावांतील प्रेक्षकही गृहीत धरलेले होते, हे उघड आहे. मानकरी मंडळी आतल्या बोळांतून पुढच्या रांगांत जात आणि सामान्य लोक बाहेरच्या जिन्यांनी थेट वरच्या रांगा गाठत, त्यामुळे दोन्ही वर्गांची वाटेत गाठ पडत नसे. दगडी बैठकाही एकदम झाल्या नाहीत. निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी एकेक पाचरीच्या आकाराचा भाग बांधून दिल्याचे लेख सापडतात. झुंजींच्या जाहिराती भिंतींवर रंगवल्या जात आणि त्यांत उन्हापासून बचावासाठी वर कापडी चांदवा असेल, असे आवर्जून लिहिलेले असे. रिंगणाच्या कठड्यावर झुंजींची चित्रे होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्खननात ती उघडी पडली आणि थोड्याच काळात हवामानाने नष्ट झाली, त्यामुळे आता ती केवळ त्या वेळी काढलेल्या नकलांवरून माहीत आहेत.

इ. स. ५९ मध्ये मात्र हे रिंगण थेट रोमच्या दरबारी गाजले. इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तान्तानुसार लिविनेयुस रेगुलुस या सिनेटमधून काढून टाकलेल्या गृहस्थाने भरवलेल्या झुंजींच्या वेळी पॉम्पेईचे आणि शेजारच्या नुसेरियाचे प्रेक्षक आधी शिवीगाळीवर, मग दगडफेकीवर आणि अखेर शस्त्रांवर आले. यजमानांचे संख्याबळ अधिक असल्याने नुसेरियाचे अनेक लोक मारले गेले किंवा जायबंदी झाले. प्रकरण सम्राट नीरोने सिनेटकडे सोपवले आणि पॉम्पेईला अशा मेळाव्यांवर दहा वर्षांची बंदी, तर रेगुलुसला हद्दपारी फर्मावण्यात आली. इतकी मानहानी होऊनही पॉम्पेईतील एका घरमालकाने हीच दंगल आपल्या भिंतीवर रंगवून घेतली, यावरून गावातल्या काहींना तरी त्या दिवसाची लाज नव्हे, तर फुशारकीच वाटत असावी. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेल्या त्या चित्रात रिंगणावर ताणलेला चांदवा, मागची तटबंदी आणि दोन्ही अंगांनी चढणारा बाहेरचा जिना स्पष्ट ओळखू येतो, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेलेला हा जिना आज पश्चिमेच्या बाजूला प्रत्यक्ष पाहता येतो.